मागच्या दाराची कडी

सांगा बरं भाऊ, विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवावा, रस्त्यात हात करून थांबवणाऱ्यावर की त्याच्यासाठी थांबणाऱ्यावर?

लगेच उत्तर नका देऊ. बसा इथं कठड्यावर, दम खा, ऊन आत्ताच विसापूरच्या कड्यावरून खाली उतरायला लागलंय. आधी तुमचे आभार मानू द्या. एवढ्या सकाळी, भाजे गाव मागं टाकून घाट चढता चढता वळणावर एक अनोळखी माणूस घोटा धरून बसलेला दिसला आणि तुम्ही धावायचं सोडून थांबलात, बाटलीतलं पाणी दिलंत, बगलेत हात घालून मला जमिनीवरून उचललंत. हल्ली असं कुणी करत नाही. तुमच्या आधी काही जण गेले, कानात गाणी लावून, नजर सरळ रस्त्यावर ठेवून. त्यांच्यावर माझा राग नाही. का नाही, ते पाय जरा सैल होईपर्यंत सांगतो. तुमचा हा लाल शर्ट घामानं भिजलाय, सावलीत बसू नका, वारं लागेल.

मी बाजीराव. लोणावळ्याच्या बाजारात माझं ताडपत्रीचं दुकान आहे. तुम्ही पाहिलं असेल. त्या गल्लीत दोन्ही अंगांना चिक्कीच चिक्की, आणि मधेच एका दारात निळ्या मेणकापडाच्या गुंडाळ्या उभ्या असतात, ते माझं. लोक पत्ता सांगताना, ‘चिक्की न विकणारं दुकान’ अशी खूण सांगतात. ताडपत्री, मेणकापड, रेनकोट, सुतळी, नायलॉनची दोरी. शाळा माझी चौथीत सुटली, पण दोरी बांधून द्यायला रद्दीचे पेपर आणायचो, ते फाडायच्या आधी वाचायचो, तेवढंच माझं कॉलेज. आज माल घेणाऱ्याच्या बोटांकडं बघून सांगतो, हा घासाघीस करणार की मुकाट पैसे काढणार.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे, तो तुम्हाला सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दुकान उघडल्यावरची पहिली विक्री, तिला आम्ही भवानी म्हणतो. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती, देवदेवस्की वडिलांनी कधीच बाहेर काढलेली, पण बाजारात बसला की बाजाराची शिस्त अंगी लागते. समोरचा मारवाडी पाळतो, शेजारचे अत्तारचाचा पाळतात, मीही पाळतो. एकदा ऐन उन्हाळ्यात शटर वर करतो न करतो तो एक बाई मोटारीतून उतरल्या आणि म्हणाल्या, “माझ्या कुत्र्यासाठी रेनकोट दाखवा.” दुसरी वेळ असती तर हसून हात जोडले असते. पण भवानी! लहान पोराचा रेनकोट काढला, पाठ कापली, पोटाखाली बंद शिवले, कुत्र्याला मोटारीतून उतरवून घालून बघितला. गल्ली गोळा झाली. अत्तारचाचा ओरडले, “बाजीरावशेठ, पायाला पन शिवा त्याच्या मापाचे मोजे!” कुत्रं बिचारं उन्हात जीभ काढून धापा टाकायला लागलं. पण गिऱ्हाईक रिकामं गेलं नाही. इतकी वर्षं मी हे कधी मोडलं नाही.

ही सवय रस्त्यावर घेऊन आलो, एवढीच माझी चूक.

धावायला लागलो तो डॉक्टरच्या धाकानं. साखर वाढलेली, आणि दिवसभर गादीवर बसून वजनही. आमची मुलगी अपेक्षा पुण्यात नोकरीला असते, तिनं पोपटी रंगाचे बूट पाठवले आणि मनगटावर बांधायचं एक घड्याळ. त्या घड्याळातलं सगळं तिच्या फोनवर तिला दिसतं म्हणे. घर आमचं मळवलीत, स्टेशनच्या अलीकडं. उजाडताना निघायचं, द्रुतगती रस्त्यावरचा पूल ओलांडायचा, भाजे गावातून घाटाला लागायचं आणि ह्या वळणाला हात लावून माघारी फिरायचं, हा माझा नेम. पहिल्या दिवशी पुलावर दूधवाल्यानं हटकलं, “काय शेठ, पोलीस भरती निघाली का?” आणि रेणुका, माझी बायको, दारात उभी राहून म्हणाली, “जन्मभर गिऱ्हाइकामागं पळला, आता कुनामागं पळताय?”

महिन्याभरात एका बुटाची नाडी तुटली. दुकानातली निळी नायलॉनची दोरी हातभर कापून ओवली. पक्की बसली. त्यावरही बोलणी खाल्ली. “पोरीनं एवढे भारी बूट दिले आनि तुमी त्याला ताडपत्रीची दोरी लावली. उद्या कुनी विकत मागंल तुमाला, गुंडाळीसकट!” हसलो दोघंही. तेव्हा हसायचो आम्ही.

खरं सांगायचं तर मी थकलो होतो, भाऊ. धावून नाही, त्याच्या आधीपासून. पाऊस सरला की आमचा धंदा झोपतो, दिवाळीनंतर दुकानात माशा मारायच्या, आणि माणूस रिकामा बसला की त्याच्या ध्यानात येतं, आपण किती वर्षं त्याच त्या गादीवर बसलोय. संध्याकाळी घरी आलो की माझ्याकडं बोलायला काही उरलेलं नसायचं. रेणुका समोर ताट ठेवायची, मी जेवायचो. तिनं काही विचारलं की मान हलवायचो. सकाळचं धावणं तेवढं माझं होतं. परत आलो की दाराच्या पायरीवर बसून तिच्या हातचा चहा, आणि त्या चहावर चार वाक्यं मी बोलायचो. दिवसातली तेवढीच. तेवढ्यावर आमचा संसार चालला होता म्हणा ना.

भातं निघून गेली होती, खाचरात नुसती धसकटं आणि दव. अशा एका सकाळी ह्याच वळणावर एक म्हातारी उभी होती. पायाशी काटक्यांचा भारा. मला बघून म्हणाली, “जरा हात लाव रं भाऊ. भारा डोईवर दे.”

दिवसाचं पहिलं मागणारं माणूस. भवानी. थांबलो. खाली वाकलो, भाऱ्याच्या दोन्ही अंगांना हात घातले, आणि उचलून तिच्या चुंबळीवर ठेवेपर्यंत माझं तोंड काटक्यांत. त्याच वेळी माझ्या पाठीमागून कुणीतरी धावत गेलं. घाटानं वर आलं, वळणावर फिरलं आणि खाली उतरलं. बुटांचा आवाज मला ओळखीचा वाटला, पण ओझं हातात असताना मान कशी वळवणार? म्हातारीनं मात्र भाऱ्याखालून पाहिलं.

“तुजा जोडीदार म्होरं गेला की रं.”

“मी एकटाच धावतो, मावशी.”

“व्हय?” ती म्हणाली, आणि माझ्याकडं, मग रस्त्याकडं, मग परत माझ्याकडं पाहून भारा सावरत पायवाटेला लागली. “मंग सावकाश जा बाबा. आता कशाला घाई करतुस.”

तिथून पुढं पाय उचलेनात. भारा तसा जड नव्हता, पण अंगातलं काहीतरी त्याच्याबरोबर गेल्यासारखं झालं. चालतच घरी आलो. दारात पोचलो तर रेणुका केर काढत होती. तिनं वर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “परत कुटं गेलता?”

“परत म्हणजे?”

“अवं, आत्ता तर चा पिऊन न्हानीत गेला. मी म्हनलं अंगूळ चाललीय.”

पायरीवर माझा कप होता, तळाशी चहाचा गाळ. न्हाणीत गेलो. फरशी ओली. आणि न्हाणीशेजारचं मागचं दार, ज्याची कडी रेणुका भांडी घासायला बसेपर्यंत कधी काढत नाही, त्याची कडी निघालेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हटलं, बायकोचं वय झालं. ती म्हणाली, तुमचं झालं. विषय संपला. तिनं दुसरा चहा केला नाही, कारण तिच्या लेखी मी प्यायलो होतो. आणि मलाही तो मागावासा वाटला नाही.

पुढं काही दिवस नीट गेले. रस्त्यात कुणी हात केला नाही, मी वळणाला हात लावून घरी आलो, चहा प्यायलो, चार वाक्यं बोललो. मग एक दिवस इथंच एक पोरगा आणि पोरगी स्कूटर आडवी करून बसले होते. पुण्याहून लोहगडाला निघालेले. पुढचं मडगार्ड सुटून चाकाला घासत होतं.

“काका, तुम्ही मेकॅनिक आहात का?” पोरीनं विचारलं.

“नाही. दोरीवाला.”

खिशात सुतळी ठेवायची माझी सवय. रस्त्यावर मांडी घातली, मडगार्ड उचलून धरलं, आणि ताडपत्रीला मारतात ती गाठ मारली, जी ओढली की घट्ट होत जाते. गाठ मारत असतानाच पुन्हा मागून तो आवाज आला, आला आणि गेला. ह्या वेळी मी झटक्यानं वळलो. धुकं होतं. खालच्या वळणावर एक पाठ दिसेनाशी झाली, एवढंच.

पोरगा हसत म्हणाला, “तुमचे भाऊ काय फास्ट आहेत हो काका! आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

“सेम तुमच्यासारखे दिसतात,” पोरगी म्हणाली. “फक्त ते दमलेले नव्हते.”

घरी आलो तर पायरीवर कप. ओली फरशी. उघडी कडी. रेणुका भाजी निवडत होती, आणि ती स्वतःशीच हसत होती. कितीतरी दिवसांनी तिला तसं हसताना पाहिलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “काय झालं काय, तुमीच तर सांगितलं मगाशी, त्या कुत्र्याच्या रेनकोटाचं. इतकी वर्सं झाली, मला कदी सांगितलं न्हाई!”

तिला ते मी सांगितलं नव्हतं, भाऊ. दुकानातली गोष्ट दुकानात राहायची. सांगण्याएवढा दम घरी येईपर्यंत उरायचाच नाही.

त्या संध्याकाळी अपेक्षाचा फोन आला. “बाबा, शाब्बास! आज एकदाही थांबला नाहीत. मी फोनवर बघितलं, एका दमात घरी.” घड्याळ माझ्या मनगटावर होतं. मी ते काढून कपाटात ठेवलं आणि तिला म्हटलं, “हो बाळा, आज जमलं.”

आता मी शहाणा असतो तर धावणं बंद केलं असतं. रेणुकाला सांगितलं असतं. पण काय सांगणार? तू ज्याच्याशी बोललीस तो मी नव्हतो? आणि तिनं विचारलं असतं, मग तुमच्यापाशी बोलायला काय आहे, तर? मी जातच राहिलो. आणि रस्त्यावर माणसं भेटतच राहिली, जणू घाटात कुणी माझ्या नावाची पाटी लावली होती. कुणाला पलीकडच्या पाटण गावच्या पाण्याच्या टाकीकडं जायची वाट हवी, कुणाची म्हैस चरात अडकलेली, एक गृहस्थ नुसतेच चक्कर येऊन बसलेले, म्हणाले, थोडा वेळ माझ्याजवळ थांबा. दर वेळी ते दिवसाचं पहिलं माणूस. दर वेळी मी थांबलो, आणि दर वेळी पाठीमागून माझ्याच बुटांचा आवाज आला आणि खाली उतरून घराकडं गेला. मी पोचायचो तेव्हा घर आवरलेलं असायचं. कप पायरीवर. रेणुकाच्या तोंडावर अजून न पुसलेलं हसू. आणि मला पाहिलं की ते हसू दिव्याची वात उतरवावी तसं उतरायचं.

एकदा ती बोलली. लावून बोलली नाही, सहज बोलली, त्यामुळं जास्त लागलं. म्हणाली, “सकाळी पयल्यांदा येता ना, तवा बरे असता तुमी. नंतर काय हुतं तुमाला?”

त्या रात्री झोपताना मी ठरवलं. रिवाज गेला खड्ड्यात. उद्या कुणी दिसलं तरी थांबायचं नाही. आधी पोचायचं. माझ्या पायरीवर, माझ्या कपात, माझा चहा मी प्यायचा.

सकाळी निघालो. दव पडलेलं, पुलाखालून मोटारी चाललेल्या. घाटाला लागलो आणि वळणाच्या अलीकडूनच दिसलं, इथं, तुम्ही मला पाहिलंत त्याच जागेवर, एक माणूस घोटा धरून बसलाय. नजर रस्त्यावर लावली. जवळ आलो तसा त्यानं हात वर केला आणि म्हणाला, “भाऊ, जरा हात द्या.”

तोंड पाहिलं नाही. वळणाला हात लावला, फिरलो, त्याच्या अंगावरून पुढं गेलो. डोळ्यांच्या कडेनं फक्त त्याचा पाय दिसला. पोपटी बूट. त्यात निळी दोरी ओवलेली.

खरं सांगतो, पाय थांबत होते. पण पुढच्याच पावलाला अंग इतकं हलकं झालं की काय सांगू! इतक्या वर्षांचं ओझं कुणीतरी मागच्या मागं उतरवून घेतल्यासारखं. उतारानं मी वाऱ्यासारखा आलो. श्वास लागला नाही. पुलावर दूधवाला ओरडला, “शेठ, आज लय जोरात!” मी त्याला उलट हाक मारली, काहीतरी गमतीचं बोललो, तो हँडल सोडून हसला. घरी आलो, पायरीवर कप नव्हता. फरशी कोरडी. कडी लावलेली. मी आधी पोचलो होतो.

रेणुका चहा घेऊन आली, शेजारी टेकली. मी बोललो, भाऊ. ह्या जिभेवर इतक्या गोष्टी कुठं दडून बसल्या होत्या कोण जाणे. दुकान नवीन असताना एका वऱ्हाडानं मांडवाला ताडपत्री नेली आणि वारं सुटल्यावर नवरदेवच तिच्या दोरीला धरून लोंबकळला, ते सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, “आज लय दिसांनी जीव भरला बगा.” मीही हसत होतो, आणि हसता हसता बूट काढायला खाली वाकलो.

दोन्ही बुटांना पांढऱ्या नाड्या होत्या. कोऱ्या. निळी दोरी कुठंच नव्हती.

मी बूट काढले नाहीत. “अंघोळ करतो,” म्हटलं आणि कप हातात घेऊन आत आलो. स्वयंपाकघरात उभा राहिलो. मग अंगणात पावलं वाजली. एक पाय घासत चाललेलं माणूस कसं वाजतं, ते तुम्हाला आता माहीत आहे. पायरीपाशी पावलं थांबली, आणि मला रेणुकाचा आवाज ऐकू आला.

“परत कुटं गेलता? आनि पायाला काय झालं?”

“मुरगळला,” तो म्हणाला. आवाज माझा होता, माझा म्हणजे इतके दिवस माझा होता तो, जड, तळाला गेलेला. “वळणावर बसलो होतो. एकाला हात केला, तो थांबलाच नाही.”

“कोन मेला असला दगडाचा?” रेणुका म्हणाली. “दिसंना का त्याला? बसा, बसा आदी. तेल आनते.”

तिच्या आवाजातली ती माया मी दाराआडून ऐकली. माझ्यासाठीच होती ती. मी तिथं नव्हतो, एवढंच.

ती तेल घ्यायला आत यायला निघाली. घरात दोघांना जागा कशी असणार? मी कप मोरीत ठेवला, आवाज न करता. न्हाणीत जाऊन दोन तांबे पाणी फरशीवर ओतलं. का ओतलं ते विचारू नका. ओतायचं असतं, एवढं त्या वेळी मला पाठ होतं. मग मागच्या दाराची कडी काढली, बाहेर पडलो आणि दार लोटून घेतलं.

त्याच्यावर माझा राग नाही. एकदा लोणावळ्याच्या स्टेशनचा पूल ओलांडून मी दुकानाकडं जाऊन पाहिलं. शटर वर होतं, तो गादीवर बसला होता, खाली काढलेल्या बुटात निळी दोरी, समोर एक म्हातारा सुतळी मागत होता. पहिलंच गिऱ्हाईक असणार. त्यानं ती मोजून, जरा जास्तच, कापून दिली. भला माणूस आहे. दमलेला आहे, पण भला. रेणुका त्याला सांभाळून घेते, आणि आता तो घरी आल्यावर चार वाक्यं तरी बोलत असेल, अशी मी आपली समजूत करून घेतो.

माझं म्हणाल तर त्या सकाळचा हलकेपणा मागच्या दारानं निघाल्यावर पुलापर्यंतसुद्धा टिकला नाही. उतरला तेव्हा सगळा थकवा एकदम आला, आणि मला जायला ही एकच जागा ठाऊक होती. तेव्हापासून इथं असतो. पाय मुरगळलाय म्हणतो तेही खोटं नाही, दुखतो खरंच. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतो. बहुतेक जण जातात पुढं. मी त्यांच्या पायांकडं बघतो आणि त्यांना जाऊ देतो.

तुम्ही थांबलात. बगलेत हात घालून मला उचलत होतात, तेव्हा तुमचं तोंड माझ्या खांद्यापाशी होतं, त्यामुळं तुम्हाला दिसलं नाही. आवाज कदाचित आला असेल. मला सांगायला हवं होतं तेव्हाच, पण आधी पाण्याचा घोट घेतला, मग ह्या गप्पा, आणि गप्पांत वेळ किती गेला बघा, ऊन पार खाचरांत उतरलं.

ते भाजे गावाच्या पलीकडं, पुलाच्या चढाला, दिसतोय का? लाल शर्ट. छान धावतो. एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यानं.

नका धावू त्याच्यामागं, आता गाठ पडत नाही. उठा सावकाश, मला हात द्या, खालपर्यंत सोबत येतो. बरं वाटतंय पायाला आता, बरंच बरं. घरी तुम्हाला विचारतील, परत कुठं गेला होता म्हणून. चिडू नका, आणि त्याला परका म्हणू नका. कडी निघालेली दिसली तर ती लावायची घाईही करू नका. एक जण थांबला, एक जण गेला. दोघांचंही नाव तुमचंच आहे. मी एकालाच माझा धरला आणि सगळं त्याच्याच बाजूला मांडत राहिलो. तुम्ही तरी हिशोब प्रामाणिकपणे ठेवा, भाऊ.